स्टू अंगर: हात पत्त्यांवर बसलेला, पैसा हाताला न टिकलेला. थोर व्यावसायिक म्हणायचं का त्याला?

किलवर_गुलाम

१९९७ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचा अंतिम सामना परवा पुन्हा बघितला. लास व्हेगासची फ्रीमाँट स्ट्रीट, बिनियन्स हॉर्सशू कॅसिनोच्या दारात भर उघड्यावर टेबल मांडलेलं, मे महिना. टेबलाशी एक किडकिडीत माणूस, डोळ्यांवर निळ्या काचांचा गोल चष्मा. वय त्रेचाळीस, पण दिसतो बराच म्हातारा. चष्मा हौसेचा नव्हता. वर्षानुवर्षं कोकेन ओढून नाक आतून खचलं होतं, ते लोकांच्या नजरेस येऊ नये म्हणून घातलेला. त्या दिवशी स्टू अंगरनं दहा लाख डॉलर जिंकले. पुढच्या वर्षी, २२ नोव्हेंबर १९९८ ला, त्याच शहरातल्या एका स्वस्तातल्या मोटेलच्या खोलीत तो मेलेला सापडला. जवळ आठशे डॉलर होते. अंत्यविधीसाठी वर्गणी काढावी लागली.

ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १९५३, न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला, ज्यू कुटुंबात. वडील बार चालवायचे आणि आड बुकीचा धंदा करायचे, त्यामुळे जुगार घरातच. दहाव्या वर्षी पोरानं जिन रमीची स्थानिक स्पर्धा मारली. वडील लवकर गेले, शाळा सुटली, आणि व्हिक्टर रोमानो नावाच्या माफियातल्या माणसानं त्याला पंखाखाली घेतलं. पत्त्यांवर जिंकलेलं घोड्यांवर हरायचं, हा क्रम तेव्हापासूनचा. उधारी वाढल्यावर न्यूयॉर्क सोडलं आणि सत्तरच्या दशकाच्या शेवटी स्वारी व्हेगासला पोचली. १९८० आणि १९८१ असं लागोपाठ दोनदा वर्ल्ड सिरीजचं मुख्य अजिंक्यपद. नंतर व्यसन, घटस्फोट, कर्ज. आणि सोळा वर्षांनी तिसरं अजिंक्यपद. एकूण पाच ब्रेसलेट (वर्ल्ड सिरीजमधली प्रत्येक स्पर्धा जिंकणाऱ्याला मिळतं ते मानाचं कडं).

प्रश्न असा: पत्ते हाच ज्याचा धंदा, त्याच्या कौशल्यात पैसा राखणं मोजायचं का? माझं मत ठाम आहे. मोजायचं नाही. टेबलावर बसल्यापासून उठेपर्यंत माणूस काय करतो तेवढंच बघायचं, आणि तसं बघितलं तर अंगरच्या जवळपास कोणी फिरकत नाही. तुम्हाला काय वाटतं?

फावल्यावेळी

मस्त धागा. पोकरमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण रमीवर जीव आहे. जिन रमी म्हणजे आपली तेरा पत्त्यांची रमीच का?

किलवर_गुलाम

@फावल्यावेळी, भावंडं म्हणता येतील. जिन दोघांत खेळतात आणि प्रत्येकाला दहाच पानं. सिक्वेन्स आणि सेट आपल्यासारखेच, पण जोकर नाही. सुट्या राहिलेल्या पानांचे गुण दहा किंवा त्याखाली आले की टेबलावर टकटक करून डाव तिथंच उघडता येतो. एकही पान सुटं नसेल तर ती जिन.

दोघंच खेळत असल्यामुळे समोरच्यानं उचललेलं आणि टाकलेलं प्रत्येक पान बोलतं. त्यानं किलवरची नव्वी टाकली, म्हणजे दश्शी-गुलाम जमवत नसणार. चौकटची सत्ती उचलली, म्हणजे एक तर तिन्ही सत्त्या नाही तर चौकटचा क्रम. आपण दोन-चार पानं लक्षात ठेवतो, अंगर सगळी ठेवायचा. चार-सहा फेऱ्यांत समोरच्या हातात काय आहे हे तो जवळजवळ पाठ म्हणून दाखवायचा, आणि तेही तोंडावर.

हॅरी स्टाइन, टोपणनाव 'याँकी', हा त्या काळचा जिनमधला मोठा गडी. दोघांची लढत लावली गेली. अंगरनं त्याला ८६ विरुद्ध शून्य असं धुतलं. त्यानंतर स्टाइन मोठ्या खेळात दिसला नाही असं सांगतात.

कोल्हापुरी_तांबडा

८६-० !!! अहो निदान एखादा डाव तरी सोडायचा की बिचाऱ्याला, पाहुणा म्हणून!

किलवर_गुलाम

@तांबडा, तेच तर त्याला जमलं नाही आणि तेच नडलं! व्हेगासला आल्यावर त्याच्याशी जिन खेळायला कोणी बसेना. मग सवलती जाहीर केल्या: गड्डीतलं शेवटचं पान आधी बघून घ्या, दर डावाला पत्ते मीच वाटतो (जिनमध्ये वाटणाऱ्याचं थोडं नुकसान असतं), हरलात तर थोडे पैसे परत देतो. तरी गिऱ्हाईक नाही. पोटासाठी पोकरकडे वळला. ज्या खेळात जगात पहिला होता तो सोडून दुसऱ्या खेळात आला, आणि तिथंही पहिला आला. दुसऱ्या कुठल्या खेळाडूबद्दल हे म्हणता येईल?

सदाशिवपेठी

लेख आवडला, निष्कर्ष पटला नाही.

व्यावसायिक म्हणजे जो त्या विद्येवर चरितार्थ चालवतो तो. एखादा दुकानदार गिऱ्हाईक उत्तम पटवतो, माल उत्तम विकतो आणि रोज संध्याकाळी गल्ला रेसकोर्सवर रिकामा करून येतो. त्याला तुम्ही थोर व्यापारी म्हणाल का? विक्री चांगली करायचा, एवढंच म्हणाल.

पोकरमध्ये तर हे आणखीच लागू आहे. तिथं पैसा हेच हत्यार. आपल्याकडे किती आहे, त्यातला किती भाग एका बैठकीत लावायचा, कुठल्या टेबलावर बसायचं आणि कुठून उठायचं, हे शिकल्याशिवाय माणूस धंद्यात दोन वर्षंसुद्धा टिकत नाही. डॉयल ब्रन्सन बघा. १९७६ आणि १९७७ चा विजेता, दहा ब्रेसलेट, २०२३ मध्ये एकोणनव्वदाव्या वर्षी गेला, आणि सत्तरी उलटल्यावरही मोठ्या खेळात पोरांच्या नाकी नऊ आणत होता. मला थोर व्यावसायिक दाखवा म्हणाल तर मी ब्रन्सनकडे बोट दाखवीन. अंगर फार तर अलौकिक प्रतिभेचा हौशी खेळाडू.

गणिती

पेठी, ब्रन्सनचं नाव काढलंत ते बरं झालं. १९८० चा अंतिम सामना अंगर विरुद्ध ब्रन्सन असाच होता. अंगर सव्वीस वर्षांचा, नो-लिमिट होल्डेममध्ये अगदी नवखा. शेवटचा डाव मी वहीवर मांडून बघितलाय, इथं लिहितो, कारण त्यात सगळा माणूस दिसतो.

होल्डेम न खेळणाऱ्यांसाठी: प्रत्येकाला दोन पानं झाकलेली, मधे पाच उघडी. आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), मग एक (रिव्हर). सातांतून सर्वोत्तम पाच. प्रत्येक टप्प्याला पैसे लावायचे.

ब्रन्सनकडे एक्का-सत्ती. अंगरकडे इस्पिकची पंजी आणि चौकी. फ्लॉप आला एक्का, सत्ती, दुर्री. म्हणजे ब्रन्सनची एक्क्यांची आणि सत्त्यांची अशा दोन जोड्या जमल्या. अंगरकडे काही नाही. एकच आशा, तिर्री. ती आली तर एक्का ते पंजी अशी सरळ रांग. ब्रन्सननं पैसे लावले. आता हिशोब करा. न बघितलेली पानं ४७, त्यात तिर्र्या चार. पुढच्याच पानाला लागायची शक्यता साधारण साडेआठ टक्के. शिकाऊ पुस्तक म्हणेल, पानं टाका.

अंगरनं पैसे भरले. का? कारण त्याला फक्त मधला ढीग दिसत नव्हता, ब्रन्सनसमोरच्या चिप्सची चळत दिसत होती. समोरच्याकडे भक्कम पानं आहेत, तिर्री पडली तर तो हात सोडणार नाही, त्याचं सगळं माझ्याकडे येईल. आत्ता लावतोय ते त्या मानानं थोडं. टर्नला तिर्री आली. ब्रन्सननं पुन्हा पैसे लावले, अंगरनं सगळं पुढे सारलं, आणि ब्रन्सननंही तेवढे भरले. आता ब्रन्सनला एक्का किंवा सत्ती हवी होती. रिव्हरला दुर्री. खेळ खलास.

अलीकडची मुलं संगणकावर हजारो डाव सोडवून हे शिकतात. तो टेबलावर बसल्या बसल्या करत होता.

वऱ्हाडी_ठसका

पन भाऊ, तिर्री आली म्हनून हिरो झाला. नसती आली त? हे त नशीबच झालं ना!

गणिती

एका डावापुरतं नशीबच, ठसकाभाऊ, त्यात वाद नाही. शंभरातल्या एक्क्याण्णव वेळा ती तिर्री येत नाही. म्हणून पोकर एका डावावर कधी जोखायचा नाही. पण तोच माणूस पुढच्या वर्षी पुन्हा जिंकतो, त्याच वर्षी 'ड्यूस टू सेव्हन' या वेगळ्याच प्रकारात ब्रेसलेट घेतो, १९८३ मध्ये सेव्हन कार्ड स्टडमध्ये घेतो, शिवाय अमारिलो स्लिमच्या सुपर बोल ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा १९८४, १९८८ आणि १९८९ अशी तीनदा मारतो. इतक्या वेळा नशीब एकाच दारात येत नाही.

सदाशिवपेठी

मग स्पर्धकांची संख्याही सांगा की. १९८० च्या मुख्य स्पर्धेत खेळाडू किती होते? ७३. १९८१ मध्ये ७५. १९९७ मध्ये ३१२. क्रिस मनीमेकर २००३ मध्ये जिंकला तेव्हा ८३९, आणि २००६ मध्ये जेमी गोल्डनं बारा दशलक्ष डॉलर नेले तेव्हा ८,७७३. सत्तर जणांत दोनदा पहिलं येणं आणि आठ हजारांत पहिलं येणं एका तराजूत तोलता येत नाही.

गणिती

संख्या बरोबर. पण त्या सत्तरांत कोण होतं तेही बघा. दहा हजार डॉलर रोख मोजून बसणारे, निम्मेअधिक पोटापाण्यासाठी खेळणारे. आज आठ हजारांत हौसेनं आलेले दंतवैद्य आणि वकील हजारोंनी असतात. गर्दीतून वाट काढायला नशीब जास्त लागतं, हे मान्य. पण सत्तर कसलेल्या माणसांतून वर यायला खेळच लागतो.

जर्सीची_रेणू

तुमची पोकरची लढाई चालू द्या, मी ब्लॅकजॅकचं सांगते (कॅसिनोविरुद्ध खेळायचा, एकवीसच्या जवळ जायचा पत्त्यांचा खेळ). इथून अटलांटिक सिटी जवळ असल्यामुळे या गोष्टी आमच्याकडे फार चघळल्या जातात.

१९७७ मध्ये बॉब स्टुपाक नावाच्या कॅसिनोवाल्यानं अंगरशी एक लाख डॉलरची पैज मारली. सहा गड्ड्या एकत्र पिसलेल्या, म्हणजे ३१२ पानं. पहिली तीन गड्ड्यांएवढी पानं एकेक करून दाखवायची, उरलेल्या १५६ पानांत काय काय आहे ते अंगरनं सांगायचं. त्यानं सांगितलं आणि लाख डॉलर घेऊन गेला. अशा माणसाला ब्लॅकजॅकच्या टेबलावर कोण बसू देणार? व्हेगासमध्ये एकामागून एक दारं बंद झाली.

नेवाडात, म्हणजे व्हेगासच्या राज्यात, कॅसिनोला पानं मोजणाऱ्याला (पडून गेलेली पानं लक्षात ठेवून पैसे लावणाऱ्याला) बाहेर काढता येतं. न्यू जर्सीत १९८२ मध्ये केन अस्टन या पानं मोजणाऱ्याच्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की केवळ पानं मोजतो म्हणून कॅसिनोनं परस्पर कोणाला हाकलता येणार नाही. त्याच वर्षी अंगरवर अटलांटिक सिटीत वेगळाच आळ आला: डाव जिंकल्यावर गुपचूप चिप्स वाढवल्या. दंड होता अवघा पाचशे डॉलर. देऊन मोकळं व्हावं की नाही? गडी कोर्टात गेला, जिंकला, आणि वकील नि प्रवास यांवर सुमारे पन्नास हजार घालवले!

पेठीकाका म्हणतील, बघा, पैशाची अक्कल नाही. मला त्यातलं दुसरंच आवडतं. बाकी सगळं मान्य करायचा, पण पत्त्यात लबाडी केली असं कोणी म्हटलेलं त्याला सोसलं नाही.

सदाशिवपेठी

रेणूताई, हे मात्र मलाही आवडलं. तरी पन्नास हजार म्हणजे पन्नास हजार!

मांडवीकाठ

धागा वाचून राहवलं नाही. मी पणजीत मांडवीतल्या एका बोटीवर काही वर्षं डीलर होतो, म्हणून पलीकडच्या बाजूचं सांगतो.

डीलरचं काम बाहेरून वाटतं तेवढं सोपं नाही. नवी गड्डी आली की आधी सगळी पानं उताणी पसरून मोजून दाखवायची, मग पालथी करून दोन्ही हातांनी टेबलभर गोल गोल फिरवायची, मग पिसायची, मग कापायची. टेबल सोडताना दोन्ही तळवे पालथे-उताणे करून वरच्या कॅमेऱ्याला दाखवायचे, हातात काही नाही म्हणून. पहिल्या महिन्यात घरी जेवून उठतानाही माझे हात तसेच फिरायचे. आई विचारायची, काय रे झालं तुला?

आणि शिव्या. वाईट पान पडलं की ते डीलरनं पाडलं, ही समजूत जगभर सारखीच. माझ्या अंगावर एकानं पत्ते भिरकावले होते, मी मान खाली घालून ते गोळा केले, कारण नोकरी हवी होती. म्हणून मला अंगरचं एक फार खटकतं. तो डीलरच्या तोंडावर थुंकला होता. १९८१ च्या स्पर्धेआधी हॉर्सशूचा मालक बेनी बिनियननं त्याला त्यावरूनच बंदी घातली होती. गतविजेता नाही तर कसं दिसेल, असं मुलगा जॅकनं समजावलं तेव्हा त्याला आत घेतलं, आणि तो पुन्हा जिंकला.

टेबलावर बसल्यापासून उठेपर्यंत काय करतो तेवढंच बघायचं, असं गुलामसाहेब म्हणतात ना? मग थुंकणंही टेबलावरच झालं. ते कुठल्या खात्यात टाकणार?

निशिगंध

+१०० मांडवीकाठ. सगळा धागा वाचत आले, पण थांबून विचार करायला लावला तो याच प्रतिसादानं.

किलवर_गुलाम

@मांडवीकाठ, प्रश्न रास्त आहे. वागणुकीच्या खात्यात, आणि तिथं त्याला शून्य. टिप मात्र मूठ मूठ भरून द्यायचा, टॅक्सीवाल्यांपासून वेटरांपर्यंत. पण तोंडावर थुंकलेलं टिपेनं धुतलं जात नाही. खेळाचं माप मी तरीही वेगळंच ठेवीन.

कोल्हापुरी_तांबडा

एक शंका. १९९७ ला हा कफल्लक होता म्हणता, मग दहा हजार प्रवेश फी आणली कुठून? उधार?

गणिती

बिली बॅक्स्टर या व्यावसायिक जुगाऱ्यानं भरली. यात उधारी नसते, भागीदारी असते. एक जण पैसे भरतो, दुसरा खेळतो. हरला तर पैसे भरणाऱ्याचे गेले, खेळणाऱ्यानं परत करायचे नाहीत. जिंकला तर आधी ठरल्याप्रमाणे वाटणी. बॅक्स्टर-अंगर यांची निम्मी-निम्मी होती. म्हणजे दहा लाखांतले पाच लाख बॅक्स्टरचे. नाव स्पर्धा सुरू होता होता, अगदी शेवटच्या क्षणी घातलेलं. आदल्या दिवसापासून झोप नव्हती. पहिल्या दिवशी टेबलावरच पेंगायला लागला. माइक सेक्स्टन या खेळाडू मित्रानं धीर देऊन आणि बॅक्स्टरनं खडसावून बसतं ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून जो सुटला तो थेट शेवटपर्यंत.

याच बॅक्स्टरनं १९९० मध्येही पैसे भरले होते. तेव्हा अंगर आघाडीवर असताना तिसऱ्या दिवशी आलाच नाही. हॉटेलच्या खोलीत जमिनीवर बेशुद्ध पडलेला सापडला. पोकरच्या नियमानं खेळाडू जागेवर नसला तरी पाळी येईल तशा त्याच्या चिप्स ब्लाइंडमध्ये (पत्ते बघण्याआधी सक्तीनं लावायच्या रकमेत) कापल्या जातात. रिकाम्या खुर्चीसमोर ढीग एवढा होता की कापत कापत जाऊनही तो नववा आला आणि बक्षिसाच्या रकमेत बसला.

वऱ्हाडी_ठसका

आता बोला! मानूस बेशुद्ध अन् नंबर नववा. आपन शुद्धीवर राहून बी रमीत शेवटून पयले येनारे लय पाह्यले आमच्या पारावर.

डॉ_मंद्र

गोष्ट रंजक आहे, पण डॉक्टर म्हणून दोन शब्द लिहिते.

कोकेन रक्तवाहिन्या आकसवतं. वारंवार नाकानं ओढलं की दोन नाकपुड्यांमधल्या कूर्चेला रक्त मिळत नाही, ती मरते, पडद्याला भोक पडतं आणि हळूहळू नाकाचा आधारच जातो. हृदयाच्या रोहिण्यांवरही घाला येतो. अंगर वारला तेव्हा शरीरात अंमली पदार्थांचा अंश थोडाच होता, प्राण घ्यावा इतका नव्हता. वर्षानुवर्षांच्या व्यसनानं हृदय आधीच निकामी होत आलं होतं. पंचेचाळीस हे जायचं वय नव्हे.

दुसरं, त्याला दोन व्यसनं होती. पोकरला मी व्यसन म्हणणार नाही, तिथं तो जिंकत होता. पण घोडे, फुटबॉलवरच्या पैजा, गोल्फ, जिथं त्याला कणभरही वरचढपणा नव्हता तिथं तो तेवढ्याच रकमा लावायचा. हाताला चटका बसल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. जुगाराची ही अवस्था आता वैद्यकशास्त्रात दारू आणि ड्रग्जच्याच पंक्तीत धरली जाते. अमेरिकन मानसोपचार संघटनेनं २०१३ च्या नियमावलीत तसं वर्गीकरण केलं. म्हणून "पैशाची अक्कल नव्हती" हे वाक्य मला अपुरं वाटतं. सहा गड्ड्यांचा हिशोब करणाऱ्याला घरखर्चाचा हिशोब कळत नव्हता असं कसं होईल? कळत होतं. थांबता येत नव्हतं. हा आजार होता आणि त्याला उपचार असतात.

घरात कोणी अशा चक्रात असेल तर १४४१६ ही टेलिमानसची सरकारी हेल्पलाइन फुकट आहे, मराठीतही बोलतात. जरूर फोन करा.

निशिगंध

धन्यवाद डॉक्टर. मला १९९७ चं वाचताना त्याच्या मुलीचं जास्त वाटलं. पाकिटात तिचा फोटो घेऊन खेळत होता, मधून मधून तिला फोन करत होता, जिंकल्यावर तो फोटो कॅमेऱ्यासमोर धरला. त्याआधी सावत्र मुलानं जीव दिला होता, त्याला यानं आपलं नाव दिलेलं. घरच्यांनी किती वेळा आशा धरली असेल आणि किती वेळा सोडली असेल! त्या पाच लाखांतलं काही महिन्यांत काही उरलं नाही. आपण इथं पहिला की दुसरा मोजतोय, त्या मुलीला तो सोळा वर्षंसुद्धा धड मिळाला नाही.

फावल्यावेळी

थोडं अवांतर: गणितींनी दुर्री-तिर्री-चौकी-पंजी लिहिलेलं वाचून फार बरं वाटलं. मे महिन्यात आजीच्या ओटीवर मेंढीकोट आणि बदाम सात खेळताना शेवटचे हे शब्द ऐकलेत. माझी मुलं 'टू ऑफ हार्ट्स' म्हणतात. तुमच्याकडे नव्वीला काय म्हणतात? आमच्याकडे नश्शी.

मांडवीकाठ

आमच्याकडे नव्वी. आणि पिसताना गड्डीतून पत्ते सांडले की आजा ओरडायचा, "लक्ष्मी सांडली!"

वऱ्हाडी_ठसका

आमच्या इकडं नव्वीच. अन् तीनशेचार कोन कोन खेळते? वेगळा धागा काहाडा राजेहो.

आजोळ

सगळ्यांचा रसभंग करते, माफ करा, पण बोलल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या नात्यातला एक मुलगा, इंजिनियर, मोबाइलवर पत्ते खेळून कर्जात बुडाला. आईच्या बांगड्या गेल्या, मग भावाच्या लग्नासाठी ठेवलेली ठेव. आम्हाला कळलं तेव्हा उशीर झाला होता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला तेव्हा त्याच्या आईनं देवापुढे साखर ठेवली. तो मुलगाही अशाच विजेत्यांच्या गोष्टी ऐकायचा. "रमी कौशल्याचा खेळ आहे, सुप्रीम कोर्टानं म्हटलंय" हे वाक्य त्याच्या तोंडी कायम असायचं. १९६८ चा तो निकाल खराच आहे. पण कौशल्याचा खेळ आहे म्हणजे तुझ्यात ते कौशल्य आहे, असं कोर्टानं कुठं म्हटलं होतं?

म्हणून विनंती, अंगरबद्दल लिहा, पण डोक्यावर घेऊन नाचू नका.

किलवर_गुलाम

@आजोळ, माफी कसली. तुमचा प्रतिसाद या धाग्यात हवाच होता. मी मोटेलपासून सुरुवात केली ती याचसाठी. ज्याला पत्त्यांतलं सगळं येत होतं त्याचं हे झालं, तर आपण कोण?

पण गोष्ट सांगायचीच नाही हेही मला पटत नाही. गाण्यात, कुस्तीत, नाटकात कितीतरी माणसं अशी होऊन गेली. त्यांची कला आपण विसरत नाही आणि हालही लपवत नाही. अंगरबाबत लोक एक तर ८६-० सांगतात नाही तर मोटेल सांगतात. मला दोन्ही एका ठिकाणी हवं होतं.

सदाशिवपेठी

मूळ प्रश्नाकडे वळू या, कारण डॉक्टरांच्या प्रतिसादानंतर मला माझं म्हणणं आणखी नेमकं मांडता येतंय. आजार होता हे मान्य, त्यामुळे त्याला दोष देणार नाही. पण दोष न देणं वेगळं आणि थोर व्यावसायिक म्हणणं वेगळं.

ब्रन्सन नको असेल तर चिप रीस घ्या. डार्टमथला शिकलेला मुलगा, स्टॅनफर्डला कायदा शिकायला निघाला, वाटेत व्हेगासला थांबला आणि तिथलाच झाला. तीस वर्षं जगातल्या सर्वांत मोठ्या रोख खेळात बसला. स्पर्धांच्या मागे फारसा लागला नाही, कारण खरा पैसा रोख टेबलावर. १९९१ मध्ये चाळिसाव्या वर्षी पोकर हॉल ऑफ फेममध्ये गेला. २००६ मध्ये पन्नास हजार डॉलर प्रवेश फीची, पाच प्रकारचे खेळ एकत्र असलेली हॉर्स स्पर्धा पहिल्यांदा भरली, ती त्यानं जिंकली. शेवटची दोघांतली झुंज सात तासांवर चालली. अंगर रोख टेबलावर तितका भारी नव्हता. का? स्पर्धेत हरलात की खेळ संपतो, रोख टेबलावर पुन्हा खिशात हात घालता येतो, आणि अंगरचा हात थांबत नव्हता. शिवाय रोख खेळात श्रीमंत नवख्यांना खेळवत, हसवत, थोडं जिंकू देत ठेवायचं असतं. हा पहिल्या तासातच त्याला सोलून अपमान करून पाठवायचा. तेही कौशल्यच, पेशाचंच, आणि ते त्याच्याकडे नव्हतं. तांबडासाहेब सुरुवातीला हसत म्हणाले ना, पाहुण्याला एक डाव सोडायचा? चिप रीसला ते जमायचं.

कोल्हापुरी_तांबडा

बघा, आमचं म्हणणं शेवटी कामी आलं!

गणिती

पेठी, रोख खेळाचा मुद्दा बिनतोड आहे. तेव्हा प्रश्न दोन भागांत तोडू. स्पर्धेतला खेळाडू म्हणून अंगर पहिला. मुख्य स्पर्धा तीनदा जिंकणारे दोनच, जॉनी मॉस आणि अंगर. पैकी मॉसचं १९७० चं पद मतदानानं दिलेलं होतं, चिप्स संपेपर्यंत खेळून नाही. टेबलावर तीनदा जिंकलेला एकटा अंगरच. धंदेवाईक म्हणून रीस किंवा ब्रन्सन, त्यात तुमचं तुम्ही ठरवा.

ठसकाभाऊंसाठी १९९७ चा शेवटचा डावही लिहून ठेवतो. अंगर एक्का-चौकी, समोर जॉन स्ट्रझेम्प एक्का-अठ्ठी. फ्लॉप एक्का, पंजी, तिर्री. सगळे पैसे मधे. टर्न तिर्री. स्ट्रझेम्पचं अजून काही बिघडलेलं नाही, बरोबरीत सुटायलाही वाव. रिव्हर दुर्री. एक्का, दुर्री, तिर्री, चौकी, पंजी! सतरा वर्षांपूर्वी ब्रन्सनला ज्या रांगेनं हरवलं तीच रांग, अगदी पानं मोजून.

वऱ्हाडी_ठसका

मंग हे बी नशीबच ना भाऊ? 🙂

गणिती

हे नशीब! पण ३१२ जणांतून त्या डावापर्यंत पोचणं नाही.

जर्सीची_रेणू

आणि १९९८ चं कोणी लिहिलंच नाही. बॅक्स्टर पुन्हा दहा हजार भरायला तयार होता, गतविजेत्याची खुर्ची मांडलेली होती. सुरू व्हायच्या काही मिनिटं आधी अंगरनं निरोप पाठवला, थकलोय, खेळणार नाही. पेठीकाका, तुमचं पारडं जड करणारी गोष्ट आहे ही, पण खरी आहे म्हणून लिहिली. हॉल ऑफ फेममध्ये त्याला २००१ मध्ये घेतलं.

सदाशिवपेठी

वाचली. गणितींची विभागणी मान्य. स्पर्धेतला पहिला अंगर, पेशातला पहिला रीस. गुलामसाहेब, आता जॉनी मॉसवर धागा काढा, १९७० च्या त्या मतदानाबद्दल मला बरंच लिहायचं आहे.